बेअरिंगचा आवाज पोचतो तिथे सेन्सर: जागा कशी निवडायची

मी ट्रेनी होतो तेव्हा आमच्या मेंटेनन्समध्ये एक फिटरमामा होते. बेअरिंग तपासायला ते लांब स्क्रूड्रायव्हर वापरायचे. मूठ कानामागच्या हाडाला टेकवायची, टोक मशिनला लावायचं आणि डोळे मिटून ऐकायचं. एकदा मीही तसंच करायला गेलो आणि टोक मोटरच्या मागच्या पत्र्याच्या काउलवर, म्हणजे कूलिंग फॅनच्या झाकणावर, ठेवलं. मामांनी माझं मनगट धरलं, टोक तिथून उचललं आणि काउल संपून ओतीव एंड शील्डची, म्हणजे बेअरिंग धरणाऱ्या मोटरच्या जाड झाकणाची, कड जिथे दिसते तिथे टेकवलं. "पत्रा सगळ्यांचंच बोलतो. बेअरिंग काय बोलतं ते ऐकायचं असेल तर बिडाला कान लाव," एवढंच म्हणाले.

आज स्क्रूड्रायव्हरच्या जागी कंपन मोजणारा सेन्सर आलाय आणि कानाच्या जागी मोबाइलवरचा आलेख. प्रश्न मात्र तोच आहे: टोक कुठे टेकवायचं? महागडा सेन्सर चुकीच्या जागी बसवला तर तो खोटं सांगत नाही, पण भलत्याच गोष्टीचं खरं सांगतो. पत्र्याचा थरथराट, शेजारच्या पंपाचा धक्का, पाइपचा आवाज. म्हणून या कामात नव्याने आलेल्यांना मी सेन्सरच्या कंपनीबद्दल शेवटी सांगतो, जागेबद्दल आधी.

इथे मी गोळ्यांच्या आणि रोलरच्या बेअरिंगबद्दल बोलतोय. मोठ्या टर्बाइनच्या शाफ्टखाली तेलाच्या थरावर चालणारी साधी बेअरिंग्ज असतात. तिथे शाफ्टची हालचाल थेट मोजणारे प्रोब लागतात, तो वेगळा विषय आहे.

१. आधी मशिनची कुंडली मांडा

सेन्सरच्या खोक्याला हात लावण्याआधी कागद-पेन्सिल घ्या आणि मशिनसमोर उभं राहून साधं रेखाचित्र काढा: मोटर, कपलिंग किंवा पट्टा, पलीकडे पंप किंवा फॅन. प्रत्येक बेअरिंगला नंबर द्या. रूढ पद्धत अशी की मोटरच्या मागच्या टोकापासून, म्हणजे एनडीईपासून (नॉन-ड्राइव्ह एंड), मोजायला सुरुवात करायची. कपलिंगकडचं टोक ते डीई (ड्राइव्ह एंड). मोटर एनडीई १, मोटर डीई २, कपलिंगपलीकडचं पहिलं ३, सगळ्यात लांबचं ४. नंबरापुढे दिशेचं अक्षर येतं: आडवं एच, उभं व्ही, शाफ्टच्या रेषेत ए. मग '३ एच' म्हटलं की रात्रपाळीचा माणूस आणि रिपोर्ट वाचणारा साहेब, दोघांच्याही डोळ्यासमोर एकच जागा येते.

प्रत्येक नंबराखाली चार गोष्टी लिहा. बेअरिंगचा नंबर, आरपीएम (वेग कमी-जास्त करणारा व्हीएफडी ड्राइव्ह असेल तर कमीत कमी आणि जास्तीत जास्त दोन्ही), बेअरिंग फिक्स आहे की फ्री, आणि शाफ्टला कोण कुठल्या दिशेला ओढतंय. पहिल्या दोन गोष्टी नेमप्लेटवर नाहीतर स्टोअरच्या रेकॉर्डमध्ये मिळतात. तिसरीकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. शाफ्ट गरम झाला की लांबतो, म्हणून दोनपैकी एक बेअरिंग जागेवर पक्कं धरतात आणि दुसऱ्याला हाउसिंगमध्ये सरकायला मोकळीक देतात. प्लमर ब्लॉकमध्ये (पायावर बोल्टने बसणारं बेअरिंगचं ओतीव घर) फिक्स बाजूला लोकेटिंग रिंगा टाकलेल्या असतात. बाहेरून दोन्ही ब्लॉक सारखेच दिसतात, त्यामुळे ज्याने ते शेवटचं उघडलं होतं त्यालाच विचारा. शाफ्टच्या रेषेतला धक्का फिक्स बेअरिंग घेतं, त्यामुळे ए दिशेला एकच सेन्सर परवडत असेल तर तो तिथेच जातो.

चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. तिच्यासाठी पुढचा भाग सावकाश वाचा.

२. भार कुठल्या बाजूला पडतोय?

बेअरिंगमधल्या सगळ्या गोळ्या एकाच वेळी सारखा भार घेत नाहीत. शाफ्ट ज्या दिशेला दाबला जातो त्या बाजूच्या गोळ्या आणि रेसचा (रिंगवरची गोळ्या फिरण्याची वाट) तेवढाच कमानीसारखा भाग भार सोसतो. त्याला आम्ही लोड झोन म्हणतो. बाहेरची रिंग हाउसिंगमध्ये स्थिर असते, म्हणजे तिचा तोच तुकडा वर्षानुवर्षं मार खात राहतो. आउटर रेसचा, म्हणजे या बाहेरच्या रिंगवरचा, पहिला खड्डा बहुधा तिथेच पडतो. आतल्या रिंगवरचा खड्डा फिरत असतो, पण त्याचाही ठोका जोरात बसतो तो लोड झोनमधून जातानाच. उरलेल्या अर्ध्या फेरीत गोळी आणि रेस यांच्यात बारीकशी फट असते आणि खड्डा जवळजवळ मुका होतो. सेन्सर जितका लोड झोनच्या समोर, तितका आवाज स्पष्ट.

आडव्या शाफ्टची मोटर कपलिंगने पंपाला जोडलेली असेल तर रोटरचं वजन खाली ओढतं आणि लोड झोन तळाशी येतो. हे सोपं आहे.

पट्ट्याची मोटर आली की डोकं लावावं लागतं. पट्टा शाफ्टला समोरच्या पुलीकडे ओढतो आणि ही ओढ बऱ्याचदा रोटरच्या वजनापेक्षा जास्त असते. त्यामुळे मोटरच्या डीई बेअरिंगचा लोड झोन पट्ट्याच्या बाजूला सरकतो. समोरची पुली शेजारी असेल तर तो आडवा येतो, वर असेल तर वरच्या बाजूला. आता एनडीईकडे बघा. पुली डीईच्या बाहेर लटकलेली असते, म्हणजे डीई बेअरिंग हा टेकू आणि शाफ्ट ही तरफ. पुढचं टोक पट्ट्याकडे ओढलं गेलं की मागचं टोक उलट दिशेला जातं. म्हणून एनडीईचा लोड झोन पट्ट्याच्या विरुद्ध बाजूला सापडू शकतो. एकाच मोटरवर दोन बेअरिंगसाठी दोन वेगवेगळ्या बाजूंना सेन्सर लागतो, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही. हातात पेन्सिल आडवी धरा, दोन बोटांवर टेकवा आणि पुढचं टोक अंगठ्याने दाबा. मागच्या बोटावरची पेन्सिल लगेच वर उचलली जाते.

लटकत्या इंपेलरच्या (पात्यांच्या चाकाच्या) फॅनलाही हाच नियम आहे. इंपेलर दोन प्लमर ब्लॉकच्या मध्ये नसून बाहेर टांगलेला असेल, तर इंपेलरजवळच्या बेअरिंगचा भार खाली आणि लांबच्या बेअरिंगचा भार वर असू शकतो. शाफ्ट आणि कपलिंगचं वजन किती यावर ते ठरतं. ड्रॉइंग मिळालं तर हिशोब करा. मिळालं नाही तर पाचव्या पायरीतली चाचणी उत्तर देईल.

उभ्या पंपाच्या मोटरमध्ये वजन शाफ्टच्या रेषेत खाली जातं आणि ते थ्रस्ट बेअरिंग घेतं. ते बऱ्याच मोटरमध्ये वरच्या टोकाला असतं. तिथे ए दिशा सोडू नका. बाजूच्या दोन दिशांपैकी एक डिलिव्हरी पाइपच्या रेषेत घ्या, दुसरी तिला काटकोनात.

३. वाटेतले सांधे मोजा

बेअरिंगमध्ये उठलेला ठोका धातूतून प्रवास करत सेन्सरपर्यंत येतो. वाटेत प्रत्येक सांध्यावर, म्हणजे बोल्ट केलेलं कव्हर, गॅस्केट, रंगाचा थर, पत्रा अशा ठिकाणी त्यातला काही भाग गळतो. सुरुवातीच्या बिघाडाची खूण उच्च फ्रिक्वेन्सीत असते आणि सांध्यावर सगळ्यात आधी तीच गळते. म्हणून बोटाने वाट आखून पाहा: बाहेरची रिंग, तिथून हाउसिंग, तिथून सेन्सर. रिंग आणि हाउसिंग यांच्यातला एक सांधा टाळता येत नाही. त्यापुढे एकही नसेल तर जागा उत्तम. दुसरा निघाला तर दुसरी जागा शोधा.

हे मी एका साखर कारखान्यात नुकसान सोसून शिकलो. बॉयलरच्या आयडी फॅनवर (धूर ओढून चिमणीकडे नेणारा पंखा) पहिल्यांदाच कायमचे सेन्सर लावायचे होते. हंगाम तोंडावर आला होता. प्लमर ब्लॉकच्या टोपीवर आयबोल्टचं आट्याचं भोक आयतंच होतं. ड्रिल नको, टॅप नको, म्हणून एक जोडणीचा तुकडा करून सेन्सर तिथेच बसवला. दिसायलाही छान, मधोमध आणि उंचावर. पण ती टोपी वेगळी ओतलेली असते आणि खालच्या भागाला बोल्टने आवळलेली असते. भार तर तळाशी. म्हणजे ठोक्याला तळापासून निघून बाजूच्या भिंतीतून वर येऊन सांधा ओलांडून सेन्सर गाठायचा होता. ऐन गाळपात फॅनकडच्या बेअरिंगचा आवाज जवळ उभ्या ऑपरेटरच्या कानाला ऐकू यायला लागला, तरी आलेखावर काही विशेष नव्हतं. मी मॅग्नेटवरचा सेन्सर घेऊन ब्लॉकच्या खालच्या भागावर, टोपीच्या सांध्याच्या खाली टेकवला. तिथे उच्च फ्रिक्वेन्सीचं रीडिंग टोपीवरच्या दुपटीहून जास्त होतं. बेअरिंग उघडलं तेव्हा बाहेरच्या रिंगच्या तळाला अंगठ्याच्या नखाएवढा पापुद्रा उडालेला होता. बाकीची रिंग आरशासारखी.

तेव्हापासून प्लमर ब्लॉकसाठी माझा नियम ठरला: सेन्सर सांध्याखाली, बेअरिंगच्या रुंदीच्या मध्यावर, आडवा किंवा तिरका तळाकडे तोंड करून. काही प्लमर ब्लॉकवर सेन्सरसाठी खूण ओतलेली असते, ती आधी शोधा.

मोटरवर डीईला एंड शील्डचा बेअरिंगभोवतीचा जाड गोल भाग सहसा हाताला लागतो, तीच जागा. मोटर थंड राहण्यासाठी बॉडीवर ओतलेल्या दोन पंखांच्या मधल्या खाचेत किंवा पंखाच्या टोकावर सेन्सर चिकटवू नका, पंख स्वतःच थरथरतात. एनडीईची खरी अडचण आहे, कारण बेअरिंगच्या समोर कूलिंग फॅन फिरत असतो आणि त्यावर काउल. काउलवर सेन्सर लावायचा मोह बिनतारी सेन्सर आल्यापासून फार वाढलाय, कारण पत्रा सपाट असतो आणि मॅग्नेट पटकन बसतो. तिथलं मोठं रीडिंग पाहून चांगली बेअरिंग्ज काढलेली मी पाहिली आहेत. काउलच्या कडेला एंड शील्डचे बोल्टचे कान बाहेर दिसतात, त्यातला लोड झोनच्या सगळ्यात जवळचा निवडा. हा दुसऱ्या क्रमांकाचा पर्याय आहे, पण प्रामाणिक आहे. मोटर दुरुस्तीला जाणारच असेल तर मोटर बनवणाऱ्याला विचारून काउलच्या आतून एंड शील्डवर लांब स्टड बसवून घेता येतो. तो जाड आणि आखूड हवा, बारीक लांब स्टड काठीसारखा डोलतो. फ्लेमप्रूफ (स्फोटक वायूच्या जागी चालणाऱ्या) मोटरला मात्र स्वतःच्या मनाने एकही भोक पाडायचं नाही. तिच्या सुरक्षिततेचा दाखला त्या बॉडीवरच अवलंबून असतो.

पंपाच्या बेअरिंग ब्रॅकेटवर जागा सहज मिळते. फक्त बेअरिंगचं छोटं गोल कव्हर आणि ब्रॅकेट यांत गफलत करू नका, कव्हर म्हणजे आणखी एक सांधा. गिअरबॉक्समध्ये ज्या बेअरिंगवर लक्ष ठेवायचं त्याच्या बोअरलगतची रिब शोधा. मोठ्या सपाट भिंतीच्या मध्यावर लावलात तर भिंतच ढोलासारखी वाजेल.

४. दिशा

आडवं, उभं आणि ए अशा तिन्ही दिशांना रीडिंग घेता आलं तर प्रश्नच नाही. कायमचे सेन्सर लावताना बजेट आडवं येतं आणि बेअरिंगमागे एकच मिळतो. मग स्वतःला विचारा, या मशिनवर मला आधी काय कळायला हवं? बेअरिंगचा खड्डा, तर लोड झोनकडे तोंड. असमतोल, तर आडवी दिशा, कारण बहुतेक मशिन फाउंडेशनवर उभ्या दिशेपेक्षा आडव्या दिशेला कमी ताठ असतात आणि तिथे जास्त हलतात. बगॅसची (उसाच्या चिपाडाची) राख ओढणाऱ्या आयडी फॅनचा इंपेलर झिजतो, त्यावर थर चढतो आणि तो तुकड्याने गळतो. त्यामुळे तिथे असमतोल नेहमीचाच. अशा फॅनला मी सांध्याखाली आडवा सेन्सर देतो, म्हणजे दोन्ही कामं बऱ्यापैकी होतात. कपलिंगचं अलाइनमेंट वारंवार बिघडत असेल तर फिक्स बाजूला ए हवाच.

एकाच डबीत तीन दिशा मोजणारे सेन्सर सोयीचे असतात. पण तिन्ही दिशांची उच्च फ्रिक्वेन्सीची क्षमता सारखी असेलच असं नाही. माहितीपत्रकात कुठली दिशा सगळ्यात वरपर्यंत जाते ते पाहा आणि ती लोड झोनकडे वळवा.

५. चिकटवण्याआधी फिरवून पाहा

ही पायरी अर्ध्या तासाची आहे आणि हीच सगळ्यात जास्त वगळली जाते.

मशिन नेहमीच्या भारावर चालू असताना एक सेन्सर मॅग्नेटवर घ्या आणि प्रत्येक बेअरिंगभोवती तुम्ही निवडलेल्या चार-पाच जागांवर टेकवा. प्रत्येक जागी दोन आकडे लिहा: १० ते १००० हर्ट्झमधला कंपनाचा वेग मिमी/सेकंदात, आणि उच्च फ्रिक्वेन्सीचं त्वरण किंवा एन्व्हलप (ते काय, हे याच पायरीच्या शेवटी येतं). प्रत्येक जागी सेन्सर उचलून पुन्हा टेकवून तीनदा रीडिंग घ्या. तिन्ही वेळा आकडा वेगळा येत असेल तर ती जागा वाकडी, मळकट किंवा लवचीक आहे. वेगाचा आकडा शेजारच्या दोन जागांपेक्षा अचानक फार मोठा आला तर आनंदून जाऊ नका, बहुधा तो तुकडा स्वतःच थरथरतोय. उच्च फ्रिक्वेन्सीचा आकडा जिथे चांगला आणि स्थिर आहे, तिकडे लोड झोन आहे असं समजायला हरकत नाही. लटकत्या फॅनचा वर की खाली हा वाद इथेच मिटतो.

शंका असेल तर मशिन बंद करून, आयसोलेट करून, टॅग लावून निवडलेल्या जागेजवळ प्लॅस्टिकच्या हातोडीने हलकेच ठोका आणि स्पेक्ट्रम, म्हणजे कुठली फ्रिक्वेन्सी किती जोरात आहे त्याचा आलेख, पाहा. ती जागा जी फ्रिक्वेन्सी घुमवते ती फेऱ्यांच्या किंवा पात्यांच्या फ्रिक्वेन्सीजवळ येत असेल तर जागा बदला.

वेगाचे आकडे लिहिताना तुलना कशाशी करायची? आयएसओ २०८१६-३ या मानकात १५ ते ३०० किलोवॅटच्या, ताठ फाउंडेशनवरच्या मशिनसाठी १.४, २.८ आणि ४.५ मिमी/सेकंद आरएमएस (एक प्रकारची सरासरी) अशा तीन सीमा आहेत. १.४ पर्यंत नव्या मशिनसारखं, २.८ पर्यंत निर्धास्त चालवा, ४.५ पर्यंत थोडेच दिवस आणि सोय पाहून दुरुस्ती, त्यापुढे नुकसानीचा धोका. मात्र हे आकडे बेअरिंग हाउसिंगवर मोजलेल्या रीडिंगसाठी आहेत. काउलवरचं रीडिंग या तक्त्याशी ताडून पाहण्याला काही अर्थ नाही. आणि छोटा खड्डा या वेगाच्या आकड्यात सुरुवातीला दिसतही नाही.

का दिसत नाही, ते एका उदाहरणाने पाहू. ६२०५ बेअरिंगमध्ये ९ गोळ्या असतात. १४४० आरपीएम म्हणजे सेकंदाला २४ फेऱ्या. या बेअरिंगच्या आउटर रेसवरच्या खड्ड्यावर एका फेरीत सुमारे ३.५८५ ठोके पडतात, म्हणजे सेकंदाला ८६. इनर रेसवर फेरीला ५.४१५, म्हणजे सेकंदाला १३०. दोन्हींची बेरीज २१६, म्हणजे बरोबर ९ गुणिले २४. बेरीज जुळली की गणित चुकलं नाही हे कळतं. बेअरिंगची मापं हाताशी नसतील तर गोळ्यांच्या संख्येला ०.४ आणि ०.६ ने गुणा, अंदाजाला पुरतं. आता हे ८६ ठोके सुरुवातीला इतके बारीक असतात की ८६ हर्ट्झवर त्यांचं काहीच दिसत नाही. पण प्रत्येक ठोक्यासरशी हाउसिंग घंटेसारखं घुमतं, आणि ते घुमणं काही हजार हर्ट्झचं असतं. घंटा सेकंदाला ८६ वेळा वाजवली जाते, तिचा स्वर मात्र फार वरचा. एन्व्हलप ही पद्धत त्या वरच्या स्वरातून ठोक्यांची मोजणी बाहेर काढते. तो वरचा स्वर सेन्सरपर्यंत पोचलाच नाही तर काढणार काय?

६. पक्कं बसवणं

म्हणूनच सेन्सर कसा बसवला याला जागेइतकंच महत्त्व आहे. हातातल्या प्रोबने साधारण ५०० ते १००० हर्ट्झपर्यंतच भरवसा धरा. गोल पृष्ठभागावर दोन पायांच्या मॅग्नेटने साधारण २००० हर्ट्झ. सपाट, साफ केलेल्या जागेवर सपाट मॅग्नेट त्याहून बराच वर जातो. चांगल्या अॅडेसिव्हने लावलेला पॅड आणखी वर, आणि स्टडने आवळलेला सेन्सर १० किलोहर्ट्झ आणि त्याच्याही पुढे. कायमच्या सेन्सरसाठी स्टड किंवा पॅड, एवढेच दोन पर्याय धरा.

जागा तयार करण्याची रीत अशी. सेन्सरच्या बुडापेक्षा थोडं मोठं वर्तुळ आखा. त्यातला रंग आणि गंज पूर्ण काढा, चमकतं बीड दिसेपर्यंत. स्पॉट फेसिंग टूल असेल तर हलका फेस घ्या. नसेल तर फाइल आणि एमरी, पण मग मार्किंग ब्लू लावून सेन्सरचं बूड टेकवून पाहा. निळा डाग पूर्ण वर्तुळभर उमटला तर काम झालं, नुसता कडेला किंवा मध्ये उमटला तर अजून घासा. हाउसिंग गोल असेल तर सपाटी करायच्या नादात फार धातू काढू नका. एका बाजूने गोल आणि दुसऱ्या बाजूने सपाट असा पॅड चिकटवा.

भोक पाडायचं ठरलं तर ड्रॉइंगवर भिंतीची जाडी पाहिल्याशिवाय ड्रिल लावू नका. ड्रिल बोअरमध्ये किंवा तेलाच्या वाटेत उतरलं तर सेन्सर लावण्याच्या नादात बेअरिंगच जाईल. ड्रिलला खोलीचा कॉलर लावा, भोक पृष्ठभागाला काटकोनात ठेवा, बुरादा व्हॅक्युमने ओढून घ्या. हवेने फुंकू नका. स्टड भोकाच्या तळाला टेकला तर सेन्सरचं बूड बसत नाही आणि सेन्सर नुसता स्टडवर उभा राहतो, म्हणून स्टडची लांबी मोजून घ्या. बुडाला सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात द्या आणि कंपनीने दिलेल्या टॉर्कनेच आवळा. जाडी कळत नसेल तर भोक नकोच, पॅड चिकटवा.

७. तापमान, आणि अगदी सावकाश फिरणारी मशिन

तापमानाचा सेन्सर बाहेरच्या रिंगच्या जितका जवळ, तितका उपयोगी. उन्हात तापणाऱ्या किंवा कूलिंग फॅनचा वारा लागणाऱ्या बाजूला तो लावू नका. तापमान उशिरा बोलतं, खड्डा वाढल्यावर. पण वंगणाचा घोटाळा ते लवकर सांगतं. ग्रीसबद्दल एक हिशोब लक्षात असू द्या: ७० अंशांच्या वर दर १५ अंशांना नेहमीच्या ग्रीसचं आयुष्य साधारण निम्मं होत जातं.

१०० आरपीएमच्या खालच्या बेअरिंगवर नेहमीचा १०० मिलीव्होल्ट प्रति जीचा (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाइतकं त्वरण) सेन्सर कमी पडतो, ठोके फारच मंद असतात. तिथे ५०० मिलीव्होल्टचा घ्या, रीडिंगचा वेळ वाढवा आणि जागेत अजिबात तडजोड करू नका. साखर कारखान्याच्या ऊस मिलचे रोलर मात्र परंपरेने गनमेटलच्या साध्या बेअरिंगवर फिरतात. तिथे गोळ्याच नाहीत, मग ठोके कुठले? तिथे तापमान आणि तेल यांवरच नजर ठेवा.

८. केबल, बिनतारी आणि माणूस

केबल सेन्सरजवळ थोडी सैल ठेवून पहिलाच क्लिप हाउसिंगवरच मारा, नाहीतर केबलचं हेलकावणं रीडिंगमध्ये येतं. व्हीएफडीच्या पॉवर केबलसोबत एकाच ट्रेमधून नेऊ नका, आणि शील्डला अर्थ एकाच टोकाला द्या. बिनतारी सेन्सर असेल तर त्याचा अँटेना लोखंडी गार्डच्या आत कोंडला जाणार नाही हे पाहा. पण सिग्नल चांगला मिळतो म्हणून सेन्सर गार्डवर हलवणं हा उपाय नव्हे. अशा वेळी गेटवे, म्हणजे सेन्सरचा सिग्नल पकडणारी पेटी, हलवा.

आणि जागा निवडताना तिथे नंतर हात कुणाचा जाणार आहे, हेही बघा. फिरत्या कपलिंगवर वाकून मॅग्नेट लावावा लागेल अशी जागा कितीही चांगली असली तरी हाताने रीडिंग घेण्यासाठी ती बाद. तिथे शटडाऊनमध्ये कायमचा सेन्सर बसवा आणि केबल गार्डच्या बाहेर आणून ठेवा.

९. खूण करा, फोटो काढा, पहिलं रीडिंग जपा

एकदा जागा ठरली की पंच मार्क मारा, भोवती रंगाचं वर्तुळ काढा आणि '३ एच' असं लिहा. दोन फोटो घ्या, एक जवळून आणि एक लांबून, म्हणजे नवीन माणसाला शोधावं लागत नाही. सेन्सर दोन इंच सरकला तरी जुन्या आलेखाशी तुलना तुटते. तसं झालं तर त्या तारखेला आलेखावर रेघ मारा आणि कारण लिहा. बेअरिंग बदललं, अलाइनमेंट केलं, ग्रीस भरलं, तरीही तारीख लिहा. नवीन ग्रीस भरल्यावर काही तास आकडे इकडेतिकडे होतात, त्या वेळचं रीडिंग पायाभूत धरू नका.

साखर कारखान्यात काम करत असाल तर ऑफ-सीझनच्या शेवटी एक फेरी नक्की मारा. बॉयलर अग्निप्रदीपनाच्या आधी सगळीकडे रंगकाम होतं. रंगवणारा माणूस सेन्सर काढून ठेवतो, वर्तुळासकट सगळं राखाडी रंगवतो आणि सेन्सर नव्या रंगावर, त्याला सोयीच्या बाजूला बसवून जातो. तुमचे फोटो घेऊन एकेक जागा ताडून पाहा, रंग खरवडा, सेन्सर मूळ खुणेवर आणा. मग गाळप सुरू होऊन आयडी फॅन पूर्ण भारावर स्थिर झाला की, तिसऱ्या-चौथ्या दिवशी, त्या हंगामाचं पहिलं रीडिंग घ्या आणि त्यासोबत आरपीएम, डॅम्परची स्थिती आणि मोटरचे अँपिअर लिहून ठेवा.